डॉ. एफ्राईम मॅकडॉवेल

अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल नावाचे एक गाव आहे. सन १८०९ मध्ये ते रानाच्या कडेचे लहानसे खेडे होते. तेथे ना इस्पितळ होते, ना वैद्यकीय शाळा. तरीही अंडाशयाची गाठ पोट उघडून यशस्वीपणे काढण्याची पहिली नोंद याच गावची आहे.

एफ्राईम मॅकडॉवेल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १७७१ रोजी व्हर्जिनियात झाला. वडील सॅम्युएल हे न्यायाधीश होते. १७८४ मध्ये हे कुटुंब डॅनव्हिलला आले. एफ्राईम प्रथम स्टाँटन येथील डॉ. हम्फ्रीज यांच्या हाताखाली शिकले आणि १७९३ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. तेथे जॉन बेल या शस्त्रवैद्याची व्याख्याने त्यांनी मन लावून ऐकली. पदवी न घेताच १७९५ मध्ये ते घरी परतले. १८०२ मध्ये त्यांनी राज्याचे पहिले गव्हर्नर आयझॅक शेल्बी यांची कन्या सारा हिच्याशी विवाह केला.

डिसेंबर १८०९ मध्ये त्यांना ६० मैलांवर जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंना तपासण्यासाठी बोलावणे आले. बाईंचे वय सेहेचाळीसच्या सुमाराचे. पोट इतके वाढले होते की दिवस उलटून गेलेले बाळंतपण अडले आहे, असेच सर्वांना वाटत होते. मॅकडॉवेल यांनी नीट तपासले. गर्भाशय रिकामे होते, गाठ अंडाशयाची होती. त्यांनी बाईंपासून काहीही लपवले नाही. असे पोट आजवर कोणी उघडल्याचे ऐकिवात नाही, जीव जाण्याचा संभव मोठा आहे, तरीही डॅनव्हिलला येण्याची तयारी असेल तर मी प्रयत्न करीन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाईंनी होकार दिला आणि ऐन थंडीत घोड्यावर बसून त्या ६० मैल आल्या. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर पोट टेकून टेकून काळेनिळे पडले होते.

हा प्रवास किती धोक्याचा होता हे समजण्यासाठी अशा गाठीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अंडाशयात पाण्याने भरलेली पिशवी तयार होते, तिला सिस्ट म्हणतात. पाळीच्या चक्रात होणाऱ्या बहुतेक पिशव्या लहान असतात व आपोआप जिरतात. एखादी फुटते तेव्हा ओटीपोटात एका बाजूला एकाएकी तीव्र कळ येते, कारण आतील द्रव किंवा रक्त पोटाच्या अस्तराला चुरचुरते. पुष्कळदा विश्रांती व वेदनाशामक औषध यांनी काही दिवसांत आराम पडतो. परंतु भोवळ येणे, अंग थंड पडणे, खांद्यात दुखणे, ताप किंवा सतत उलट्या ही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता इस्पितळ गाठावे. रक्तस्राव आत होत असतो, बाहेर दिसत नाही. डॉक्टर सोनोग्राफी करतात, गर्भ नळीत राहिला नाही ना याची चाचणी घेतात आणि रक्तस्राव थांबत नसेल तर बहुधा दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतात. पाळी बंद झालेल्या स्त्रीने अशा गाठीची तपासणी टाळू नये. पोटदुखी लाजेने दडवणाऱ्या भगिनी आपल्या ओळखीत पुष्कळ असतात, म्हणून हे लिहिले.

क्रॉफर्डबाईंची शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या राहत्या घरी झाली. तो दिवस नाताळचा होता असे परंपरेने सांगतात. भूल देण्याचे औषध नव्हते. ईथरचा जाहीर प्रयोग व्हायला अजून ३७ वर्षे अवकाश होता. बाई मेजावर पडून स्तोत्रे म्हणत राहिल्या, असे सांगतात. बाहेर जमाव डॉक्टरांना फाशी देण्यासाठी दोर घेऊन उभा होता अशीही एक कथा आहे, पण ती मागाहून रचलेली वाटते. मॅकडॉवेल यांनी डाव्या बाजूस सुमारे ९ इंचांचा छेद घेतला. आतडी लगेच बाहेर आली. गाठ अखंड निघण्यासारखी नव्हती, म्हणून तिचा देठ आधी घट्ट बांधून त्यांनी ती फोडली. १५ पौंड चिकट द्रव निघाला आणि मागून साडेसात पौंडांची पिशवी. पोटातील रक्त निथळून जावे म्हणून बाईंना डाव्या कुशीवर वळवले व मग टाके घातले. सारे २५ मिनिटांत आटोपले. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहावयास गेले तर बाई आपला बिछाना आवरीत होत्या! २५ दिवसांनी त्या घरी गेल्या आणि १८४२ पर्यंत जगल्या.

मॅकडॉवेल यांनी हे लगेच छापले नाही. १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय पत्रिकेत त्यांनी तीन रुग्णांचा त्रोटक वृत्तांत दिला. क्रॉफर्डबाईंचे नाव त्यात आहे; उरलेल्या दोघी कृष्णवर्णी गुलाम स्त्रिया होत्या, त्यांची नावे नाहीत. त्या काळी गुलामाचा होकार विचारण्याची रीत नव्हती आणि स्वतः मॅकडॉवेल यांच्या घरीही गुलाम होते. त्यांचे मोठेपण सांगताना हे झाकून ठेवणे बरे नव्हे. १८१९ मध्ये त्यांनी आणखी दोन रुग्णांची हकीकत दिली. पाचांपैकी एक दगावली, हेही त्यांनी लिहिले. लंडनच्या एका संपादकाने प्रथम त्यांची खिल्ली उडवली, पण पुढे जाहीरपणे क्षमा मागितली.

१८१२ मध्ये जेम्स पोक या १७ वर्षांच्या मुलाचा मुतखडा मॅकडॉवेल यांनी काढला होता. तोच पुढे अमेरिकेचा अकरावा राष्ट्राध्यक्ष झाला. १८२५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. जून १८३० मध्ये त्यांना एकाएकी पोटात असह्य कळा, मळमळ व ताप सुरू झाला. दुखणे बहुधा अपेंडिक्सचे असावे. त्यावर पोट उघडून इलाज करणारे त्या भागात दुसरे कोणी नव्हते. २५ जून रोजी त्यांचा अंत झाला.