राघोबादादा

विद्यार्थी मित्रांनो, 'पेशवा' हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. तो मूळचा फारसी आहे. 'पेश' म्हणजे पुढे. जो सर्वांच्या पुढे चालतो, तो पेशवा. पण पुढे चालणाऱ्याचीच वाट चुकली, तर मागून येणाऱ्यांचे काय होते? रघुनाथराव पेशव्यांच्या चरित्रातून हे तुम्हांला समजेल. लोक त्यांना राघोबादादा म्हणत.

राघोबादादांचा जन्म १७३४ साली साताऱ्याजवळ माहुली येथे झाला. पहिले बाजीराव हे त्यांचे वडील. दादा लहानपणापासून शूर होते. १७५८ साली त्यांनी उत्तरेत मोठी मोहीम केली व लाहोर घेतले. मराठी फौजा सिंधू नदीकाठच्या अटक किल्ल्यापर्यंत पोहोचल्या. मोठा पराक्रम करणे याला मराठीत 'अटकेपार झेंडे लावणे' म्हणतात. हा वाक्प्रचार त्याच मोहिमेतून आला.

१७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी दादांचे थोरले भाऊ नानासाहेब पेशवे वारले. नानासाहेबांचा मुलगा माधवराव पेशवा झाला. तो सोळा वर्षांचा होता. या मुलाला कारभार काय कळणार, असे दादांना वाटू लागले. पेशवेपद आपल्यालाच मिळावे, ही इच्छा त्यांच्या मनात शिरली. ती पुढे आयुष्यभर गेली नाही.

१७६२ साली दादांनी हैदराबादच्या निजामाची मदत घेतली आणि आळेगाव येथे पुतण्याशी लढाई केली. घरातल्या भांडणात राज्य बुडू नये, म्हणून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले व त्यांच्या स्वाधीन झाले. पुतण्याचा हा मोठेपणा पाहूनही दादांचे मन बदलले नाही.

नांदगावहून मनमाडमार्गे तुम्ही चांदवडला गेलात, तर तुम्हांला सातमाळ्याचे डोंगर दिसतील. याच डोंगररांगेत धोडपचा किल्ला आहे. १७६८ साली दादांनी पुन्हा बंड केले. माधवरावांनी धोडप येथे त्यांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

१७७२ साली माधवराव क्षयाने वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. त्यानेही काकांना वाड्यात पहाऱ्यात ठेवले. तेव्हा दादांच्या माणसांनी वाड्यातील गारद्यांना, म्हणजे पगारी शिपायांना, फितवले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी तलवारी घेऊन वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव जीव वाचवण्यासाठी धावत काकांकडे गेला आणि त्याने त्यांना मिठी मारली. तरी तो वाचला नाही. गारद्यांनी त्याला ठार केले.

दादांनी पुतण्याला फक्त धरण्याचा हुकूम दिला होता; कोणीतरी त्या कागदावर 'ध' खोडून 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, असे लोक सांगतात. त्यावरून 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आला. अक्षर कोणीही बदललेले असो. शिपायांना फितवण्याचे पाप तर आधीच झाले होते.

दादा पेशवा झाले. आजूबाजूचे लोक माना डोलवू लागले. एकच माणूस उभा राहिला. ते होते न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली व दादांना दोषी ठरवले. या गुन्ह्याला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे, असे त्यांनी पेशव्यांच्या तोंडावर सांगितले आणि आपले पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले.

पुढे नाना फडणीस, सखारामबापू अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन दादांविरुद्ध कारस्थान केले. त्याला 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतात. १७७४ साली नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला. कारभाऱ्यांनी त्या बाळालाच पेशवा केले. दादा पळाले आणि थेट इंग्रजांकडे गेले. १७७५ साली त्यांनी सुरतेला तह केला. पेशवेपद मिळवून द्या, मी तुम्हांला साष्टी आणि वसई देतो, असे त्यात कबूल केले. मुलांनो, ही तीच वसई. दादांचे सख्खे चुलते चिमाजीअप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगीजांशी लढून ती जिंकली होती. त्यासाठी कितीतरी मराठ्यांनी प्राण दिले होते. चुलत्याने जिंकलेली भूमी पुतण्याने एका पदासाठी देऊ केली.

त्यानंतर सात वर्षे युद्ध चालले. १७८२ साली सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी साष्टी स्वतःकडे ठेवली आणि दादांचा पक्ष सोडून दिला. मनमाडहून दौंडच्या गाडीत बसलात की वाटेत कोपरगाव लागते. तेथे गोदावरीच्या काठी दादा तनख्यावर राहिले. १७८३ साली तेथेच त्यांचा मृत्यू झाला. पुढे त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव यानेही पेशवेपद टिकवण्यासाठी इंग्रजांचीच मदत घेतली. १८१८ साली पेशवाई संपली.

असे केवळ पुण्यातच घडले असे नाही. आपल्या देशात बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४५ साली प्राण्यांची एक कादंबरी प्रसिद्ध केली. त्यात प्राणी जुलमी मालकाला हाकलतात. पण त्यांचे पुढारी हळूहळू त्या मालकासारखेच होतात.

विद्यार्थी मित्रांनो, राघोबादादा जन्मतः दुष्ट नव्हते. ते शूर होते. पण पद कशासाठी असते, हे ते विसरले. तुम्हीही उद्या वर्गात, गावात किंवा एखाद्या कचेरीत पुढे चालणारे व्हाल. तेव्हा तुमचे चुकले, तर तोंडावर सांगणारा एक तरी रामशास्त्री जवळ ठेवा. आणि तो बोलू लागला, की त्याचे ऐका.