विश्लेषण : कपाळामागचा मेंदू भावनांना लगाम कसा घालतो? फिनियस गेजच्या आयुष्यातून काय कळले?

दहिसर-काशीगाव मेट्रोसारख्या कामावर आज हेल्मेट सक्तीचे असते. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्यांना असे संरक्षण नव्हते. तिथल्या एका मुकादमाला झालेल्या अपघाताने मेंदू आणि स्वभाव यांचे नाते जगासमोर आले.

अपघात कसा झाला?

फिनियस गेज तेव्हा २५ वर्षांचा होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँटमधील कॅव्हेंडिश गावाजवळ तो सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला. सुमारे एक मीटर लांब आणि सहा किलो वजनाची पहार डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तरीही काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामावर पोहोचला. डॉ. जॉन हार्लो यांच्या उपचारांनी तो वाचला; डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र गेली.

स्वभाव का बदलला?

बोलणे, चालणे, स्मरणशक्ती शाबूत होती. पण पूर्वीचा कामसू, शांत मुकादम आता चिडखोर आणि शिवराळ झाला होता. बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. मालकांनी त्याला जुनी जागा दिली नाही. अमिग्डला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. कपाळामागचा भाग परिणामांचा विचार करून त्या भावनेला आवर घालतो. गेजच्या मेंदूत इजा झाली होती ती या कपाळामागच्या भागाला.

पुढे काय झाले?

पाठ्यपुस्तकांत त्याची कथा बऱ्याचदा इथेच संपते. प्रत्यक्षात १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि जवळपास सात वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत राहिला. वेळ पाळणे, घोडे सांभाळणे, प्रवाशांशी नीट वागणे हे सारे त्यात आले. रोजच्या ठरलेल्या कामामुळे तो बराच सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. १८५९ मध्ये आजारी पडून तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे परतला. २१ मे १८६० रोजी, अपस्माराच्या झटक्यांनंतर, वयाच्या ३६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

आज महत्त्व काय?

गेजची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या वैद्यकीय संग्रहालयात आहे. डोक्याला मार लागल्यावर माणूस अचानक संतापी झाला, तर तो मुद्दाम तसे वागतो असे नसते. मेंदूतील इजाही कारण असू शकते. अशा वेळी दूषणे देण्याऐवजी मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेणे गरजेचे असते. सावरण्याची वाटही बंद झालेली नसते, हे गेजच्या चिलीतील वर्षांवरून दिसते.