उणीव शोधणारे शास्त्रज्ञ : विल्यम रोझ

पिळदार बाहूंची आवड कोणत्या तरुणास नाही? परंतु केवळ जोर-बैठकांनी स्नायू वाढत नाहीत. त्यांच्या घडणीची सामग्री अन्नातूनच मिळावी लागते. ती सामग्री नेमकी कोणती, हे ज्यांनी निश्चित केले त्या विल्यम कमिंग रोझ यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

रोझ यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील ग्रीनव्हिल या गावी झाला. १९११ साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून, पुढे १९२२ पासून १९५५ पर्यंत त्यांनी इलिनॉय विद्यापीठात अध्यापन व संशोधन केले.

स्नायू प्रथिनांचे बनतात आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ होय. रोझ यांनी उंदरांना प्रथिनाऐवजी त्या वेळी ठाऊक असलेल्या १९ अमिनो आम्लांचे मिश्रण दिले. उंदीर वाढेनात, उलट त्यांचे वजन घटू लागले. दुधातील केसीन दिले, की मात्र ते जोमाने वाढत. एखादा हताश झाला असता. रोझ यांनी मात्र ओळखले, की प्रथिनात आणखी एखादा अज्ञात घटक दडलेला असला पाहिजे. चिकाटीने शोध घेऊन १९३५ साली त्यांनी तो हस्तगत केला. तोच थ्रिओनीन. तो मिसळताच उंदीर वाढू लागले.

१९४२ पासून त्यांनी तरुण विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. या स्वयंसेवकांनी स्टार्च, साखर, लोणी व अमिनो आम्ले असा बेचव आहार पत्करला. त्यातून एखादे आवश्यक आम्ल वगळले, की त्यांची भूक मंदावे, थकवा येई, चिडचिड वाढे. ते परत देताच प्रकृती सुधारे. प्रौढांस अशी आठ आम्ले अन्नातूनच मिळावी लागतात, असे रोझ यांनी ठरविले. पुढे हिस्टिडीनची भर पडून ही संख्या नऊ झाली. यांपैकी एक जरी उणे असले, तरी बाकीची स्नायूंच्या बांधणीस पुरी पडत नाहीत. ती इंधनासारखी खर्ची पडतात.

१९८५ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी रोझ निवर्तले.

आमच्या ताटातील वरण-भाताचे मर्म त्यांच्या शोधामुळे कळते. तांदळात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी. दोन्ही एकत्र आली, की एकीची उणीव दुसरी भरून काढते. मासळी व दूध यांत तर ही सर्व आम्ले असतात. म्हणून बलोपासना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आखाड्याइतकेच आपल्या ताटाकडेही लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.