पंडिता रमाबाई यांचा धार्मिक प्रवास

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक म्हणून त्या परिचित आहेत. तारण कोणाला मिळते, ते कशाने मिळते आणि श्रद्धा ठेवणारा माणूस त्याला मुकू शकतो का, हे प्रश्न त्यांच्या धार्मिक जीवनाच्या केंद्रस्थानी होते.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. हे कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराणे सांगत देशभर फिरत असे. १८७४ मध्ये उपासमारीने आईवडिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर रमाबाई बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी प्रवास करत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या.

याच काळात धर्मशास्त्राचे वाचन करताना त्यांना एक गोष्ट जाचू लागली. स्त्रियांना स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही, असे मत अनेक ग्रंथांत त्यांना आढळले. श्रद्धा आणि विद्वत्ता असूनही केवळ स्त्री म्हणून मुक्तीचे दार बंद असावे, हे त्यांना मान्य होईना. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये बिपिनबिहारींचे निधन झाले. त्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

बाप्तिस्मा आणि मतांगीकाराचा वाद

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन करत. एकदा पडलेल्या स्त्रीला पुन्हा उभे राहता येते, हे तेथे पाहून त्या प्रभावित झाल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतर मात्र मतभेद सुरू झाले. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथातील अथनेशियसच्या मतांगीकारानुसार, त्रैक्याचा सिद्धांत संपूर्णपणे न मानणाऱ्याचा अनंतकाळचा नाश होतो. रमाबाईंनी हा मतांगीकार स्वीकारण्यास नकार दिला. बायबलमध्ये जे स्पष्टपणे आढळत नाही, ते तारणाची अट म्हणून कोणत्याही मंडळीने लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर जेरल्डीन यांना हा हट्ट आणि अहंकार वाटला. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना सहानुभूतीने उत्तरे दिली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे यांच्या लेखनाचा रमाबाईंवर प्रभाव पडला आणि कालांतराने त्यांनी त्रैक्याचा सिद्धांत स्वीकारला.

१८९१ मधील परिवर्तन

अमेरिकेतील वास्तव्यानंतर १८८९ मध्ये रमाबाई भारतात परतल्या. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे धर्मोपदेशक म्हणून काम केल्यावर, स्वतःच प्रवचन देत असताना आपले खरे परिवर्तन झाले, असे हॅस्लम यांनी लिहिले होते. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली. आपण आठ वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला स्वीकारले नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तारण हे कर्म, संस्कार किंवा मतांगीकार यांचे फळ नसून कृपेचे दान आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे.

या परिवर्तनानंतर त्यांची प्रार्थना अधिक उघडपणे होऊ लागली आणि सदनातील काही मुली तिला येऊन बसू लागल्या. यावरून धर्मांतराचा आरोप होऊन १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले.

केडगाव आणि १९०५ ची जागृती

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक मुली व स्त्रियांची सुटका केली आणि त्यातून केडगावची वसाहत उभी राहिली. १९०५ मध्ये तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. आधीच बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीही रडून पापांची कबुली देऊ लागल्या. या काळात रमाबाईंच्या सहकारी असलेल्या मिनी एब्रम्स या मेथडिस्ट परंपरेतील होत्या.

ख्रिस्ती मतप्रवाहांचा संदर्भ

तारण गमावता येते का, याबाबत ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही. कॅल्व्हिनच्या परंपरेनुसार देवाने निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकतो आणि जो कायमचा दूर जातो, तो मुळातच तारलेला नव्हता. स्कॉटिश मिशन याच परंपरेतून महाराष्ट्रात आले. जॉन वेस्लीच्या परंपरेनुसार खरा विश्वासणाराही जाणूनबुजून श्रद्धा सोडल्यास तारणाला मुकू शकतो, मात्र पश्चात्ताप करून तो परत येऊ शकतो. वाशिम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय चालवणारी नाझरीन मंडळी हे मत मानते. रोमन कॅथलिक शिकवणुकीत गंभीर पापाने कृपा नष्ट होते आणि पापनिवेदनाच्या संस्काराने ती पुन्हा मिळते.

रमाबाईंच्या १८८३ ते १८९१ या काळाचा अर्थ या मतांनुसार वेगवेगळा लागतो. अँग्लिकन भगिनींच्या दृष्टीने त्या बाप्तिस्म्यानेच ख्रिस्ती झाल्या होत्या आणि नंतर मंडळीच्या शिकवणुकीपासून ढळत होत्या. रमाबाईंच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र त्या काळात गमावण्याजोगे काही त्यांना लाभलेलेच नव्हते.

अखेरची वर्षे

हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा यांचे निधन झाले. अनुवादाचे काम पूर्ण केल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले.