विश्लेषण : हवामानाची ‘ग्रिड’ हाताने भरणारे रिचर्डसन कोण होते?

मोबाइलवरच्या पावसाच्या नकाशामागे बहुतेकदा ‘ग्रिब’ किंवा ‘नेटसीडीएफ’ फाइल असते. ‘क्यूजीआयएस’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की नकाशा चौकोनांत विभागलेला दिसतो आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा असतो. असे चौकोन आखून पुढच्या हवामानाचे गणित पहिल्यांदा प्रत्यक्ष करून पाहिले ते ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी. तेही संगणक नसताना.

जन्म १८८१, न्यूकॅसल. कुटुंब क्वेकर पंथाचे, त्यामुळे युद्धाला ठाम विरोध. १९१३ मध्ये ते स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. १९१६ मध्ये ही नोकरी सोडून फ्रान्सच्या आघाडीवर जखमींसाठी रुग्णवाहिका चालवायला गेले.

तिथेच फावल्या वेळात हे गणित झाले. २० मे १९१० च्या सकाळी ७ च्या नोंदींचे नकाशे हाताशी होते. त्यावरून दाब आणि वारा वाचून त्यांनी मध्य युरोपवरच्या चौकोनांत भरला. चौकोन सुमारे २०० किलोमीटरचे, बुद्धिबळाच्या पटासारखे: एकात दाब, शेजारच्यात वारा. वर हवेचे पाच थर. आज असे रूपांतर एका कमांडमध्ये होते. ‘जीडॅल’ तर ग्रिबमधले केल्विन तापमान न सांगताच सेल्सिअस करून देते!

उत्तर मात्र सपशेल चुकले. सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. घोळ मुख्यतः सुरुवातीच्या आकड्यांत होता. वारा आणि दाब यांच्या नोंदींचा एकमेकांशी मेळ नव्हता आणि ती विसंगती गणितात फुगत गेली.

१९१७ च्या लढाईत हस्तलिखित हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ च्या पुस्तकात रिचर्डसन यांनी चुकलेला अंदाज न लपवता सविस्तर छापला. जगभराचे हवामान मोजायला ६४,००० माणसे लागतील, असा हिशेबही त्यात आहे.

त्याआधीच, १९२० मध्ये, हवामान खाते हवाई मंत्रालयाकडे गेले म्हणून त्यांनी पुन्हा नोकरी सोडली होती. पुढे ते युद्धांच्या कारणांचे गणित मांडत राहिले.

१९५० मध्ये अमेरिकेत ‘एनियाक’ संगणकाने हवामानाचे अंदाज काढले. ते निकाल रिचर्डसन यांना पाहता आले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तेच १९१० चे आकडे आधी मेळ घालून संगणकाला दिले. दाबातला बदल १ मिलिबारहूनही कमी आला.