ताज हॉटेलात १९०३ साली बर्फाचं यंत्र लावणारे जमशेटजी टाटा आणि तुमच्या फ्रिजमधल्या गॅसची गोष्ट

मे महिना म्हणजे खान्देशात नुसता जाळ. भडगाव असो, पाचोरा असो की भुसावळ, पारा ४४-४५ च्या घरात गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घराघरात कूलर गरगरत असतो, माठ ओल्या फडक्यात गुंडाळलेला असतो आणि फ्रिजचं दार दर दहा मिनिटांनी उघडलं जातं.

आता या तीन वस्तूंमध्ये एक गोष्ट सारखी आहे. माठ, कूलर आणि फ्रिज तिन्ही एकाच युक्तीवर चालतात. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, ही ती युक्ती. ती समजून घ्यायला आपल्याला मदत करतील जमशेटजी टाटा. पोलाद, वीज, विज्ञान संस्था यांसाठी ते सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांच्या आयुष्यात गर्मीशी झालेल्या दोन लढाया फारशा कुणी सांगत नाही. एक नागपुरात झाली, दुसरी मुंबईत.

नवसारीचा मुलगा, नागपूरची गिरणी

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घर पारशी पुरोहितांचं, पण वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात उतरले होते. पोरगा किशोरवयात मुंबईला आला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि १८५८ साली वडिलांच्या धंद्यात लागला. पुढे हाँगकाँगला गेला, लंडनला गेला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तसा मुंबईतल्या कापसाचा फुगा फुटला आणि टाटांचं घरही त्यात चांगलंच पोळलं. त्यातून सावरत १८६८ साली त्यांनी २१ हजार रुपयांवर स्वतःची कंपनी सुरू केली.

त्या काळी कापड गिरणी काढायची तर मुंबईतच काढायची, असा रिवाज होता. जमशेटजींनी हिशेब उलटा मांडला. कापूस विदर्भात पिकतो, कोळसा वरोऱ्याला मिळतो, मग गिरणी मुंबईत कशाला? त्यांनी नागपूर निवडलं. तिथल्या एका सावकाराने त्यांना पैसे द्यायला नकार दिला होता म्हणे, कारण हा माणूस जमिनीत सोनं पुरायला निघालाय असं त्याला वाटलं. पुढे त्यालाच आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं, असंही सांगतात.

१ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईहून नागपूरला जायचं तर गाडी खान्देशातूनच जायची. चाळीसगाव, भडगाव तालुक्यातलं कजगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. म्हणजे आपला उन्हाळा जमशेटजींच्या वाटेवरच होता.

सुताचा धागा आणि कोरडी हवा

नागपूरच्या उन्हाळ्यात एक अडचण असते, जी मुंबईत नसते. हवा कोरडी ठणठणीत. कोरड्या हवेत सुताचा धागा कडक होतो आणि फटाफट तुटतो. धागा तुटला की चाती थांबते, कामगार तो जोडतो, पुन्हा तुटतो. माल कमी, मजुरांचे हाल जास्त.

जमशेटजींनी गिरणीत हवेला ओलावा देणारी यंत्रं बसवली. भारतातल्या गिरण्यांमध्ये असं करणाऱ्या पहिल्या गिरण्यांत एम्प्रेसचं नाव घेतलं जातं. आग विझवणारे पाण्याचे फवारेही तिथे लागले. गिरणी सांभाळायला त्यांनी बेझनजी मेहता यांना आणलं होतं. मेहता रेल्वेच्या मालवाहतुकीतले, कापडातला अनुभव शून्य. पण या जोडीने १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंडही सुरू केला.

आता ओलाव्याने नेमकं काय होतं ते बघा. पाण्याचे बारीक कण हवेत गेले की त्यांची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता हवेतूनच घेतली जाते. म्हणून हवा ओलीही होते आणि गारही. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात साधारण सात लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. आपल्या कूलरच्या वाळ्यात हेच घडतं.

मग कूलर मुंबईत का चालत नाही? कारण तिथली हवा आधीच ओली असते. ओल्या हवेत पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही तर गारवाही नाही. नागपूरला चाललेली युक्ती मुंबईत आंधळी होते. जमशेटजींची दुसरी लढाई इथेच सुरू होते.

बहिणींचा विरोध आणि समुद्रकाठचं हॉटेल

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. शहर रिकामं व्हायला लागलं, व्यापार बसला, मुंबईचं नाव खराब झालं. अशा वेळी जमशेटजींनी अपोलो बंदराजवळ एक आलिशान हॉटेल बांधायचं ठरवलं. त्यांना युरोपियन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून ताज बांधलं, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला ठोस पुरावा नाही. मुंबईला तिच्या तोलाचं हॉटेल हवं, ही ओढ मात्र खरी होती.

घरातून विरोध झाला. बहिणींना हे अजिबात पटलं नाही. एकीकडे विज्ञान संस्था काढायची, पोलादाचा कारखाना काढायचा आणि मध्येच हे खानावळ काढण्याचं खूळ कशाला, असा त्यांचा सूर होता. पैसा त्यांनी स्वतःच्या खिशातला घातला.

आराखडा केला सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आतच गेले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी केलं. जमशेटजी तोवर युरोप पालथा घालत होते. विजेची यंत्रं ड्युसेलडॉर्फची, झुंबरं बर्लिनची, पंखे अमेरिकेचे, पोलादी खांब पॅरिसच्या प्रदर्शनातले. आणि या सामानात होतं बर्फ बनवणारं यंत्र, कार्बन डायऑक्साइडवर चालणारं. त्याचा थंडावा खोल्या गार करायलाही वापरला गेला.

१६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे होते फक्त १७. खोलीचं भाडं दिवसाला १० रुपये. पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर हवं असेल तर १३. म्हणजे वाऱ्याला तेव्हाही पैसे पडत होते.

बोस्टनहून आलेला बर्फ

या यंत्राचं महत्त्व कळायला थोडं मागे जायला हवं. त्याआधी मुंबईत बर्फ यायचा तो अमेरिकेतून. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी तिथल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने पाठवायचा. १८३३ साली त्याचं पहिलं जहाज चार महिने प्रवास करून कोलकात्याला पोचलं. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी सुमारे १०० टन उरला. पुढे मुंबईतही बर्फ यायला लागला आणि तो साठवायला सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी घुमटाचं आईस हाऊस बांधलं गेलं.

हा सगळा थंडावा एकदाच वापरायचा होता. वितळला की संपला. नवीन हवा तर पुन्हा चार महिन्यांचं जहाज. यंत्राने हा प्रश्नच मिटवला, कारण यंत्रात थंडावा देणारा पदार्थ संपत नाही. तो फिरत राहतो.

तर गॅस आत करतो काय?

कूलरमध्ये पाणी उडून जातं, म्हणून आपण बादली बादली ओततो. आता समजा, उडालेली वाफ आपण पकडली, परत द्रव केली आणि पुन्हा उडू दिली तर? फ्रिज म्हणजे तेच. पाण्याऐवजी असा पदार्थ घेतात, जो कमी तापमानालाही उकळतो. त्याचा प्रवास चार टप्प्यांचा असतो.

पहिला टप्पा कूलिंग कॉइल. इथे द्रव कमी दाबाखाली उकळतो, त्याचा गॅस होतो आणि तो आतल्या भाजीपाल्याची, दुधाची उष्णता घेतो.

दुसरा कॉम्प्रेसर. तो गॅस ओढून दाबतो. दाबला की गॅस तापतो. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते तसंच.

तिसरा कंडेन्सर, म्हणजे फ्रिजच्या मागची किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमधली जाळी. तापलेला गॅस इथे बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि दाबाखाली पुन्हा द्रव होतो. आतून ओढलेली उष्णता इथे बाहेर पडते, म्हणून फ्रिजची मागची बाजू गरम असते.

चौथी कॅपिलरी, एक केसासारखी बारीक नळी. मोठ्या यंत्रात तिथे व्हॉल्व्ह असतो. इथून जाताना दाब झपकन उतरतो, थोडा द्रव लगेच उकळतो आणि उरलेला एकदम गार पडतो. तो पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये जातो. झालं एक चक्र पूर्ण.

यातून एक कामाची गोष्ट कळते. गॅस या चक्रात खर्च होत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात गॅस संपला म्हणून भरावा लागत असेल, तर तुमच्याकडे गळती आहे. आधी ती शोधून बंद करायला सांगा, मग गॅस भरा.

कोणता गॅस, हाच खरा प्रश्न

जमशेटजींच्या काळात पर्याय थोडे होते. अमोनिया स्वस्त आणि जोरदार, पण विषारी. गळला तर माणसं गुदमरतात. बर्फाच्या लाद्या बनवणाऱ्या कारखान्यांत तो आजही चालतो. पण पाहुणे झोपलेल्या हॉटेलात किंवा जहाजावर तो नको वाटायचा. तिथे कार्बन डायऑक्साइड बरा. जळत नाही, विषारीपणा फार कमी.

त्याला दोन खोडी आहेत. एक म्हणजे दाब. शून्य अंशालाच त्याला सुमारे ३५ पट वातावरणाचा दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच पट असतो, त्यावरून अंदाज करा. दुसरी म्हणजे ३१ अंश. त्या तापमानाच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव होत नाही. मुंबईसारख्या गावात थंड करायला वापरायचं पाणीच तिशीजवळ असतं, म्हणजे यंत्र कायम काठावर. भडगावच्या ४४ अंशांत तर त्या जुन्या पद्धतीचं कामच अवघड.

म्हणून १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजलीच्या चमूने सीएफसी गॅस शोधला तेव्हा सगळ्यांना तो वरदान वाटला. जळत नाही, वास नाही, दाब बेताचा. कार्बन डायऑक्साइडची यंत्रं हळूहळू मागे पडली. पण हाच सीएफसी वर जाऊन ओझोनचा थर खात होता. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि जगाने तो बंद करायला घेतला. त्याच्या जागी आलेले काही गॅस ओझोनला सोडतात, पण पृथ्वी तापवतात. आरएकशे चौतीस-ए हा गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटींहून जास्त तापवतो. म्हणून आता घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन येतोय.

आणि गंमत बघा, कार्बन डायऑक्साइडही परत आलाय. आज युरोपातल्या अनेक सुपरमार्केटमध्ये तो वापरतात. नवी यंत्रं ३१ अंशांच्या वर त्याला द्रव न करताच गार करतात आणि दाब उतरवताना द्रव मिळवतात. शंभर वर्षांपूर्वीची अडचण अशी वळसा घालून सोडवली गेली.

पाच महिने

हे सगळं बघायला जमशेटजी नव्हते. ताज उघडल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ ला, जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे ते गेले. इंग्लंडमधल्या ब्रुकवूड इथे त्यांना दफन केलं. पोलाद कंपनी १९०७ साली उभी राहिली, बंगळुरूची विज्ञान संस्था १९०९ साली, खोपोलीची वीज १९१५ साली. १९५४ साली टाटा आणि व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास काढली. त्यांच्याच घराण्याचे एसी आज गावोगावच्या दुकानांत दिसतात.

खान्देशाला या गोष्टीचं देणंघेणं केवळ उन्हाळ्यापुरतं नाही. जळगावची केळी लांब पाठवायची तर १३ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात, त्याखाली गेली की साल काळी पडते. पिकवायची खोलीही साधारण १६ ते १८ अंशांवर धरावी लागते. म्हणजे शेतकऱ्याच्या घडाला मिळणारा भाव त्या चार टप्प्यांत फिरणाऱ्या गॅसवर अवलंबून असतो. नागपूरला जमशेटजींनी बघितलं की हवा बिघडली की धागा तुटतो. इथे गारवा बिघडला की केळी जाते. दोन्हीकडे नुकसान शेवटी कष्ट करणाऱ्याचंच. म्हणून पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणाला की गॅस संपलाय, तर त्याला एवढंच विचारा, गळती कुठे आहे?