दोन रात्रींत रेकॉर्ड झालेला अल्बम, जो घराघरांत पोचायला जवळपास २८ वर्षं लागली

१९९९-२००० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत फोक्सवॅगनची एक जाहिरात लागायची. चांदण्या रात्री चार तरुण उघड्या गाडीतून चाललेत, कुणीच काही बोलत नाही आणि मागे गिटारवर एक हळुवार गाणं. जाहिरात पाहून लोक त्या गायकाचा शोध घेऊ लागले. तेव्हा अनेकांना कळलं की, तो जाऊन पंचवीस वर्षं झालीत.

त्याचं नाव निक ड्रेक आणि गाणं 'पिंक मून' या अल्बममधलं.

निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. वडील रॉडनी 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये इंजिनिअर होते. मुंबईत सुरू झालेली, बर्माच्या सागवानावर मोठी झालेली आणि आज वाडिया समूहात असलेली हीच ती कंपनी. आई मॉली घरी पियानोवर स्वतःची गाणी रचून गायची. पुढे कुटुंब इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी स्थायिक झालं.

केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकत असताना लंडनच्या एका कार्यक्रमात निकला 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' बँडच्या अ‍ॅशली हचिंग्सने ऐकलं आणि निर्माता जो बॉइडला त्याचं नाव सुचवलं. १९६९ मध्ये पहिला अल्बम आला, 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'. निकने शिक्षण अर्धवट सोडलं आणि लंडन गाठलं.

पण अल्बम खपेना. एक कारण म्हणजे स्टेज. निक गिटारच्या तारा नेहमीच्या सुरात न लावता गाण्यागणिक वेगळ्या लावायचा. त्यामुळे दोन गाण्यांमध्ये लांबलचक शांतता पसरायची. मुळात अबोल माणूस, प्रेक्षकांशी गप्पा मारणं त्याला जमायचं नाही. हळूहळू त्याने कार्यक्रमच बंद केले. व्हायोलिन, सॅक्सोफोन, ड्रम्स असा थाटमाट असलेला 'ब्रायटर लेटर'ही चालला नाही. बॉइड नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि निक आणखी एकटा पडला.

ऑक्टोबर १९७१ मध्ये त्याने साउंड इंजिनिअर जॉन वुडला गाठलं. लंडनच्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत रात्री उशिरा फक्त हे दोघंच. दोन रात्रींत ११ गाणी झाली. एकूण लांबी जेमतेम २८ मिनिटं. आवाज आणि गिटार, बस. एका गाण्यात तेवढा पियानो, तोही निकनेच वाजवलेला. फेब्रुवारी १९७२ मध्ये 'पिंक मून' बाजारात आला आणि तोही पडला. निकच्या हयातीत त्याच्या एकाही अल्बमच्या पाच हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत, असं सांगितलं जातं.

नैराश्य वाढत गेलं. तो आईवडिलांकडे राहायला आला. त्याच वर्षी काही आठवडे रुग्णालयातही होता. १९७४ मध्ये तो पुन्हा स्टुडिओत गेला खरा, पण दोन रात्रींत अल्बम करणाऱ्या निकला आता एकाच वेळी गाणं आणि वाजवणं जमत नव्हतं. गिटार आधी, आवाज नंतर, असं करावं लागलं.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. वय अवघं २६. नैराश्यावरच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. पण हे मुद्दाम झालं की चुकून, यावर त्याला ओळखणाऱ्यांत एकमत नाही.

म्हणूनच 'पिंक मून'ला त्याची शेवटची चिठ्ठी म्हणणं चुकीचं ठरतं. रेकॉर्डिंगनंतर तो तीन वर्षं जगला आणि पुन्हा गायचा प्रयत्नही केला. शिवाय हा अल्बम विस्कटलेल्या माणसाचा वाटत नाही. त्यातली बोटं कुठेही अडखळत नाहीत.

जो बॉइडने आपली कंपनी 'आयलंड रेकॉर्ड्स'ला विकताना एक अट घातली होती: निकचे अल्बम बाजारातून कधीही काढायचे नाहीत. म्हणून ते टिकले. पुढे दूरदूरचे चाहते निकचं घर शोधत टॅनवर्थला येऊ लागले. रॉडनी आणि मॉली त्यांना घरात घ्यायचे, मुलाच्या आठवणी सांगायचे.

निकला हयातीत न मिळालेला श्रोता असा त्याच्याच दारात येऊन उभा राहायचा. दार मात्र आईवडील उघडायचे.